'शांत' माणसाला लावायचे शब्द : एक अभ्यासपाठ



माणसाचा स्वभाव सांगताना मराठीत सर्वांत जास्त वेळा वापरला जाणारा शब्द कोणता, असे विचारले तर 'शांत' हेच उत्तर द्यावे लागेल. सोयरीक जुळवताना मुलीची चौकशी केली की "शांत आहे पोरगी." शाळेत गुरुजींना विचारले की "तुमचा मुलगा वर्गात अगदी शांत असतो." कोणाच्या घरी सांत्वनाला गेलो की "लय शांत माणूस होता, कधी कोणाला उलटून बोलला नाही." तिन्ही ठिकाणी शब्द एकच, पण ही तीन माणसे एकसारखी असतील असे नाही. मुलगी कदाचित घाबरत असेल. मुलाला कदाचित फळ्यावरचे दिसतच नसेल. आणि जो गेला तो खरोखर शांत होता की आतल्या आत खचला होता, हे विचारायची वेळ निघून गेलेली असते.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झाले की थोडा वेळ शब्दांचा विचार करावा, असा आमच्या वरवट बकालच्या अभ्यासवर्गाचा प्रघात आहे. प्रस्तुत पाठ अशाच चर्चेतून तयार झाला आहे. शांत आणि स्थिर स्वभावासाठी आपल्याजवळ किती शब्द आहेत, त्यांतला कोणता कोठे लावावा आणि कोणता लावताना थांबून विचार करावा, एवढाच याचा उद्देश होय. हा शब्दकोश नव्हे. जे शब्द आपल्या तोंडी आहेत आणि जे आपण वंदनेत रोज म्हणतो, त्यांच्यापुरतेच आम्ही येथे बोलणार आहोत.

घरातले शब्द

प्रथम 'गरीब' हा शब्द घेऊ. "थो लय गरीब मानूस हाय" असे आपल्याकडे म्हणतात तेव्हा त्याच्या खिशाबद्दल बोलणे नसते. दहा एकर ओलिताचा मालकही या अर्थाने गरीब असू शकतो. गरीब म्हणजे कोणाच्या अध्यात ना मध्यात. हा शब्द मूळचा अरबी. अरबीत त्याचा अर्थ परका, परमुलखातला माणूस असा आहे. फारसीत परक्याचा निर्धन झाला आणि मराठीत निर्धनाचा सौम्य स्वभावाचा झाला. या तीन मुक्कामांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पाठीशी कोणी नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून आवाज नाही. जी त्या माणसाची परिस्थिती होती, तिलाच लोकांनी त्याचा स्वभाव म्हटले.

'सोशिक' हा शब्द 'सोसणे' या क्रियापदापासून आला. सोसायला समोर काहीतरी लागते; ऊन, भूक, मार, टोमणे. म्हणून कोणाला सोशिक म्हटले की तिने काय सोसले आणि ते कोणामुळे, हा प्रश्न लगेच यायला हवा. तो येत नाही. सून सोशिक आहे असे सासरची माणसे कौतुकाने सांगतात, आणि सोसायला लावणारे बहुधा तेच असतात. माहेरची माणसे हाच शब्द उच्चारतात तेव्हा त्यात कौतुक कमी आणि काळजी अधिक असते. बोलणारे तोंड बदलले की शब्दाचा रंग बदलतो, तो असा.

(आमच्या गावाच्या नावातला 'बकाल' शब्द ऐकून परगावचा माणूस हसतो, कारण आजच्या मराठीत बकाल म्हणजे घाण, अस्ताव्यस्त वस्ती. पण अरबीतून उर्दूत आलेला 'बक्काल' म्हणजे धान्य-किराणा विकणारा दुकानदार. शब्दालाही कधी कधी वाईट दिवस येतात. असो.)

'निमूट' आणि 'मुकाट' हे शब्द स्वभाव सांगतात असे वाटते. प्रत्यक्षात ते प्रसंग सांगतात. "त्याने निमूटपणे अंगठा दिला." "ती मुकाट्याने निघून गेली." या वाक्यांत समोर कोणीतरी उभा आहे आणि त्याचे वजन जास्त आहे. 'मुकाट' हा 'मूक' या शब्दाच्या कुळातला. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक सुरू केले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांना त्यांनी मूक म्हटले, शांत म्हटले नाही. हा भेद केवळ भाषेचा नव्हता. शांत माणसाला नायकाची गरज नसते, मूक माणसाला असते. आणि 'मौन' हा शब्द पुन्हा वेगळा. मौन हे मुनीचे, म्हणजे स्वतः होऊन पत्करलेले. बोलता येत असताना न बोलणे म्हणजे मौन.

'समजूतदार' हा शब्द घरातल्या मोठ्या मुलीला फार लवकर मिळतो. हट्ट करत नाही, नवी वही मागत नाही, धाकट्याला आधी देते, म्हणून समजूतदार. ती मागत नाही याचे कारण मागून मिळत नाही हे तिला कळले आहे, एवढेच असू शकते. सर्वच समजूतदार मुली दुःखी असतात असे आमचे म्हणणे नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीविषयी हा शब्द वापरताना आई-बापांनी क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते.

'थंड' हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. थंड डोक्याचा माणूस चांगला. नुसता थंड म्हटला तर कामाला जड, आळशी. आणि थंड डोक्याने खूनही करता येतो, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. म्हणजे डोके तापत नाही एवढ्यावरून माणूस भला ठरत नाही. 'मवाळ' शब्दाला जहाल-मवाळांच्या राजकारणाचा वास अजून येतो. 'गोगलगाय' म्हटले तर पुढे 'पोटात पाय' आलेच. 'समंजस', 'पोक्त', 'सालस', 'सौम्य' हे सरळ शब्द आहेत, त्यांच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. 'पोक्त' माणसाला वय लागते, 'सौम्य' माणसाला लागत नाही, इतकाच काय तो फरक.

या सर्वांत आमच्या आवडीचा शब्द 'धीर' हा आहे. तो धरता येतो, सोडता येतो, सुटतो, खचतो आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला देता येतो. शांती देता येत नाही, संयम देता येत नाही. धीर देता येतो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नदी-नाल्याकाठची शेते खरडून गेली. पेरलेले तर गेलेच, पण माती गेली. त्या दिवसांत "दम धर, होईल काहीतरी" हे वाक्य किती ओट्यांवर बोलले गेले असेल! दम म्हणजे श्वास. हा शब्द फारसीतून आला. सबुरी हा शब्द अरबी 'सब्र' वरून. धीर आपला जुना. आणि पालीत 'धीर' शब्दाचा अर्थ पाहिला तर तो आणखी मोठा आहे. तेथे धीर म्हणजे स्थिर तर आहेच, शिवाय जाणता, विवेकी असाही आहे. त्याच्या उलट शब्द 'बाल', म्हणजे अजाण. याचा अर्थ असा की पालीतला धीर माणूस केवळ गप्प राहत नाही. त्याला समजलेले असते, म्हणून तो डळमळत नाही.

वेदेहिका आणि काळी

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मज्झिमनिकायातील ककचूपम सुत्तात येते. भगवंतांनी ती श्रावस्तीत भिक्खूंना सांगितली. स्वभावाचे शब्द कसे तपासावेत याचा इतका चांगला धडा आम्हांला दुसरीकडे मिळालेला नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने देत आहोत.

याच श्रावस्तीत पूर्वी वेदेहिका नावाची एक गृहपत्नी राहत होती. गावात तिची कीर्ती फार चांगली होती. लोक तिला तीन शब्द लावीत : सोरता, निवाता, उपसन्ता. सोरता म्हणजे मृदू, सुस्वभावी. उपसन्ता म्हणजे शांत झालेली. मधला 'निवाता' शब्द मोठा मजेचा आहे. निवात म्हणजे जेथे वारा नाही, वारा पडलेला आहे. आपला मराठी 'निवांत' यातूनच आला. माणसाच्या बाबतीत निवात म्हणजे नम्र. आपल्या भाषेत सांगायचे तर ज्याच्या कानात वारा शिरलेला नाही असा. मंगलसुत्तात गौरवाच्या जोडीने हाच निवात येतो. वंदनेच्या वेळी आपण तो म्हणतो, पण अर्थाकडे लक्ष जात नाही.

वेदेहिकेच्या घरी काळी नावाची दासी होती. सुत्तात तिलाही तीन शब्द लावले आहेत : दक्खा, अनलसा, सुसंविहितकम्मन्ता. म्हणजे हुशार, आळस न करणारी, नीट व्यवस्थित काम करणारी. येथे वाचकांनी जरा थांबावे. मालकिणीला लावलेले तिन्ही शब्द स्वभावाचे आहेत आणि दासीला लावलेले तिन्ही शब्द कामाचे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वाटप आजही फारसे बदललेले नाही. मोठ्या घरच्या बाईविषयी लोक म्हणतात, "स्वभावाने फार शांत." तिच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईविषयी म्हणतात, "हाताची स्वच्छ आहे, खाडे करत नाही." तिला स्वभाव आहे की नाही, याची कोणी चौकशी करीत नाही.

काळीच्या मनात एक दिवस विचार आला. माझ्या मालकिणीला सगळे शांत म्हणतात. तिच्यात राग नाहीच म्हणून ती शांत आहे, की राग आत असूनही माझे काम व्यवस्थित असल्यामुळे तो दिसत नाही? तिने पाहायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली. मालकिणीने विचारले, का गं, उशीर का? काळी म्हणाली, काही नाही बाई. मालकिणीच्या कपाळाला आठ्या पडल्या, ती चिडून बोलली. काळीला कळले, राग आहे. नीट तपासावे म्हणून ती पुढच्या दिवशी आणखी उशिरा उठली. या वेळी मालकिणीच्या तोंडातून शिव्या बाहेर पडल्या. तिसऱ्या दिवशी काळी त्याहून उशिरा उठली. तेव्हा वेदेहिकेने अग्गळसूचि, म्हणजे दाराच्या आगळीची खीळ उचलली आणि काळीच्या डोक्यात घातली. डोके फुटले. त्या रक्ताळलेल्या डोक्यानेच काळी शेजाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, पाहा ही सोरतेची करणी, पाहा ही निवातेची करणी, पाहा ही उपसन्तेची करणी! त्यानंतर वेदेहिकेची कीर्ती उलटली आणि लोक तिला चंडी म्हणू लागले.

भगवंतांनी ही गोष्ट भिक्खूंसाठी सांगितली. अप्रिय शब्द कानावर येत नाहीत तोवर भिक्खूही मृदू आणि शांत असतो. ते कानावर आले म्हणजे त्याची खरी ओळख होते, असा तिचा रोख आहे. चीवर, भोजन, निवास आणि औषध मिळावे म्हणून जो ऐकून घेतो त्याला ऐकून घेणारा म्हणू नये, असेही ते तेथे सांगतात. मात्र आमच्या वर्गात या गोष्टीची दुसरी बाजू निघाली. एका भगिनीने विचारले, "काळीने तीन दिवस उशिरा उठून धोका पत्करला. तिच्या अंगी धीर नव्हता काय?" प्रश्न योग्य आहे. मालकिणीची शांती काळीच्या पहाटे उठण्यावर उभी होती. ज्याचे पाणी वेळेवर भरले जाते, ज्याचा चहा वेळेवर येतो, त्याला शांत राहणे काही कठीण नाही. गावातला प्रतिष्ठित माणूस कधी आवाज चढवत नाही, कारण तो चढवण्याची त्याच्यावर पाळीच येत नाही. उलट जिला उन्हात तास दोन तास नळावर उभे राहावे लागते ती बाई मोठ्याने बोलली की "भांडखोर आहे" असा शिक्का बसतो. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना गोड्या पाण्याची ही पाळी नवी नाही.

म्हणून कोणालाही शांत म्हणण्यापूर्वी काळीचा प्रश्न विचारावा. याला राग येण्यासारखा प्रसंग आला होता काय, आणि त्या वेळी तो कसा वागला? प्रसंगच आला नसेल तर आपण त्याच्या स्वभावाविषयी बोलत नसून त्याच्या सोयीविषयी बोलत आहोत.

उपेक्खा आणि उपेक्षा

पालीतला एक शब्द मराठीत आला की अगदी उलटा वाटतो. तो 'उपेक्खा' होय. मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा हे चार ब्रह्मविहार आपणांस माहीत आहेत. दहा पारमितांतही उपेक्खा आहे. मराठीत त्याचे रूप 'उपेक्षा'. आणि मराठीत उपेक्षा म्हणजे काय? हेळसांड, दुर्लक्ष. ज्यांच्याकडे समाजाने पाहिले नाही ते उपेक्षित. एकीकडे उपेक्खा ही मनाची फार वरची अवस्था, आणि दुसरीकडे उपेक्षा हे आपल्या आजा-पणजांच्या वाट्याला आलेले जिणे! वर्गात नव्याने येणारे तरुण येथे हमखास अडखळतात, आणि त्यांचे अडखळणे रास्त आहे.

मूळ धातू पाहण्याचा आहे. उप म्हणजे जवळून आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. पाहत राहणे, हा पाया. पाहून ओढले किंवा ढकलले न जाणे ही उपेक्खा; पाहूनही न पाहिल्यासारखे करणे ही उपेक्षा. बुद्धघोषाचार्यांनी विसुद्धिमग्गात यासाठी फार उपयोगी युक्ती सांगितली आहे. प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा शत्रू आणि एक जवळचा शत्रू असतो. दूरचा शत्रू लगेच ओळखता येतो. जवळचा शत्रू दिसायला त्या गुणासारखाच असतो, म्हणून घात करतो. उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अजाणपणातून आलेली बेफिकिरी. शेजारच्या घरात बाईला मार बसत असताना जो आपल्या ओट्यावर स्वस्थ बसतो, त्याच्या तोंडावरही विकार दिसत नाही. त्याला स्थिर म्हणावे काय? 'तटस्थ' हा शब्द त्याला चालेल. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. बुडणारा पाण्यात असतो. 'स्थितप्रज्ञ' हा गीतेतला शब्दही आजकाल वर्तमानपत्रात कोणत्याही न बोलणाऱ्या पुढाऱ्याला लावतात, तो याच घोटाळ्यामुळे.

बाबासाहेबांना हा घोटाळा होणार याची कल्पना असावी. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पारमिता समजावताना त्यांनी उपेक्खा आणि बेपर्वाई यांत स्पष्ट भेद केला आहे. त्यांच्या विवेचनाचा भावार्थ असा की फळ काय मिळते याने मन हलू द्यायचे नाही, पण त्या फळासाठी चाललेला प्रयत्न मात्र सोडायचा नाही. 'प्रयत्न सोडायचा नाही' हा भाग महत्त्वाचा आहे. तो काढला की उपेक्खेची उपेक्षा होते.

महाडचा दाखला

शब्दाला दाखला लागतो. उपेक्खा आणि संयम या दोन शब्दांना आपल्या इतिहासात महाडइतका चांगला दाखला नाही.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले ठरवले होते आणि महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर सर्व होते, पाणी मात्र मिळत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. २० तारखेला लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर थोड्याच वेळात, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली. जमाव काठ्या घेऊन परिषदेच्या मंडपावर आला. जेवायला बसलेल्यांना मारहाण झाली, परतीच्या वाटेवर असणाऱ्यांना गाठून मारले गेले. परिषदेला आलेल्या लोकांत सैन्यात नोकरी केलेले गडी होते. त्यांना हात उचलता येत नव्हता असे नाही. त्यांनी बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहिली, आणि बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही.

त्या दिवशी मार खाऊन परतलेल्यांना कोणता शब्द लावायचा? गरीब? सोशिक? मुळीच नाही. गरीब माणूस मुळात तळ्यावर जात नाही. येथे 'संयम' हाच शब्द बसतो. संयम शब्दात 'यम्' हा धातू आहे. यम् म्हणजे आवरणे, लगाम धरणे. लगाम धरायला आधी घोडा लागतो. ज्याच्या अंगात बळ नाही त्याच्या न मारण्याला संयम म्हणत नाहीत. बळ आहे, रागही आहे, आणि तरी लगाम आपल्या हातात आहे, असा तो शब्द आहे.

पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे, कारण संयम एका दिवसाचा असू शकतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद झाली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. लोक पुन्हा तळ्यावर जाण्यास अधीर होते, परंतु न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलून खटला लढण्याचा मार्ग लोकांना पटवून दिला. पटवून देणे सोपे गेले नसणार. गावोगावहून मनाची तयारी करून माणसे आली होती. खटला चालत राहिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले. पहिल्या परिषदेपासून मोजले तर दहा वर्षे होतात. या दहा वर्षांत प्रयत्न थांबला नाही आणि निकाल लांबला म्हणून मन तुटले नाही. उपेक्खा म्हणजे काय असे कोणी विचारले तर आम्ही पाली कोश उघडण्याऐवजी या दोन तारखा सांगतो.

"शांत होता" या वाक्याविषयी

आता पाठाच्या सुरुवातीला जे तिसरे वाक्य दिले होते त्याकडे येणे भाग आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा जिल्हा होता. तेव्हापासून आजपर्यंत या भागातील कोणत्याही गावाला हा विषय परका राहिलेला नाही. अशा घरी गेल्यावर वारंवार ऐकू येणारे वाक्य म्हणजे "लय शांत होता, कधी काही बोलला नाही." हे वाक्य बोलणाऱ्याचा दोष नाही. दुःखात माणूस चांगलेच बोलतो. पण तो जिवंत असतानाही आपण त्याला शांतच म्हणत होतो, आणि त्या शब्दामुळे पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला, हे आपण मान्य करायला हवे.

पूर्वी पारावर बसून कापसाच्या भावावर तावातावाने बोलणारा माणूस गप्प होतो तेव्हा तो शांत झालेला नसतो. त्यासाठी मराठीत दुसरे शब्द आहेत : गुमसुम, खचलेला, हबकलेला, तुटलेला, हाय खाल्लेला. हे शब्द वापरले की ऐकणारा विचारतो, "काहून, काय झालं?" 'शांत' म्हटले की कोणी काही विचारत नाही. शांत माणसाच्या चेहऱ्यावर निवांतपणा असतो, जेवण जाते, झोप लागते, आणि तो गप्प असला तरी बोलावल्यावर नेहमीसारखा बोलतो. खचलेला माणूस यांतले काही करीत नाही. कधी कधी तर देणी-घेणी आवरून ठेवतो, आणि घरातल्यांना वाटते की बरा झाला, शांत झाला. अशा वेळी त्याच्याजवळ जाऊन बसावे, सरळ विचारावे, एकट्याला सोडू नये. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही दाखवावे. धीर हा देता येणारा शब्द आहे, हे वर आलेच आहे.

मुलांच्या बाबतीतही तेच. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाविषयी गुरुजी "शांत आहे" म्हणाले, तर पालकांनी आनंद मानून परत येऊ नये. तो प्रश्न विचारतो काय, खेळात जातो काय, त्याला कोणी चिडवते काय, हे विचारून यावे.

अभ्यासासाठी

पुढच्या वर्गासाठी काही काम सुचवीत आहोत. पुढील वाक्यांत 'शांत' शब्द काढून योग्य तो शब्द घालावा आणि तोच का, हे दोन ओळींत लिहावे : बाजारात माल कमी भावाने मागितला तरी तो शांतपणे उभा राहिला. सासूने ताट ओढून घेतले तरी ती शांत राहिली. पंचांच्या निवाड्यात दोन्ही बाजूंचे ऐकेपर्यंत तो शांत होता. डॉक्टरने आजाराचे नाव सांगितले तेव्हा ती शांत होती. शेवटच्या वाक्याला एकच उत्तर नाही. तिच्याविषयी आणखी काय माहिती हवी, तेही लिहावे.

दुसरे काम असे की घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजीला, विचारून शांत किंवा स्थिर माणसासाठी त्यांच्या तोंडी असलेले वऱ्हाडी शब्द जमवावेत. शब्दासोबत तो कोणाविषयी वापरला, बाईविषयी की पुरुषाविषयी, मालकाविषयी की मजुराविषयी, याची नोंद करावी. आणि ककचूपम सुत्तातील काळीला आपण स्वभावाचा कोणता शब्द लावाल तो एका चिठ्ठीवर लिहून आणावा. मागच्या वेळी 'धीट', 'चौकस' आणि 'खोडकर' असे तीन शब्द आले होते, आणि 'खोडकर' या शब्दावर रात्री साडेदहापर्यंत वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.